मेंदूतलं दारं कोण धरतं?

सातारा-सांगलीकडच्या पेपरात एक बातमी अधूनमधून येतेच. उसाच्या फडात मधोमध लावलेला गांजा पोलिसांनी पकडला, झाडं उपटून वजन केलं, शेतमालकावर गुन्हा दाखल. तोच पेपर वाचणाऱ्याच्या फोनवर एक फॉरवर्डही फिरत असतो: ‘गांजा मेंदूच्या पेशी वाचवतो. अमेरिकन सरकारनेच त्याचं पेटंट घेतलंय, नंबर ६६३०५०७. मग आपल्याकडे बंदी कशाला? सगळा औषध कंपन्यांचा डाव!’

हा फॉरवर्ड साफ खोटा असता तर काम सोपं होतं. पण पेटंट खरं आहे आणि नंबरही बरोबर आहे. कॅनाबिनॉइड नावाच्या रसायनांचा मेंदूच्या पेशी वाचवण्याशी संबंध आहे, हेही खरं. मी मिरजेत औषधशास्त्र शिकवतो. वर्गातली पोरं दरवर्षी हा फॉरवर्ड घेऊन येतात आणि दरवर्षी मला निम्मं ‘हो’ आणि निम्मं ‘नाही’ असं उत्तर द्यावं लागतं. ते निम्मं-निम्मं नेमकं कुठे तुटतं, ते इथे सांगतो.

झाड नंतर, शरीर आधी

कॅनाबिनॉइड हे गांजाच्या झाडात सापडणाऱ्या शंभराहून अधिक रसायनांचं कुटुंब. त्यातली दोन नावं पुढे लागतील. नशा आणणारं मुख्य रसायन म्हणजे टीएचसी, आणि नशा न आणणारं त्याचं भावंड म्हणजे सीबीडी. टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळं काढून त्याची रचना १९६४ मध्ये इस्राएलमधल्या राफाएल मेशूलाम आणि येहिएल गाओनी यांनी मांडली. त्यासाठी लागणारा पाच किलो हशीश, म्हणजे चरस, मेशूलाम यांनी चक्क पोलिसांकडून मागून आणला, तोही साध्या बसमधून. आजूबाजूचे प्रवासी वास कसला येतोय म्हणून विचारत होते, असं ते स्वतःच सांगायचे.

रसायन सापडलं तरी ते मेंदूत नेमकं कुठे बसतं, हे कळायला पुढची दोन तपं गेली. पेशीच्या आवरणावर काही ठरावीक प्रथिनं असतात. एखादं रसायन त्यांना येऊन चिकटलं की पेशीच्या आत बदल घडतो. या प्रथिनांना रिसेप्टर म्हणतात. टीएचसीचा रिसेप्टर १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे अॅलिन हाऊलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी दाखवून दिला. १९९० मध्ये त्याचं जनुक सापडलं. नाव पडलं सीबी-१. मोजायला घेतल्यावर लक्षात आलं की मेंदूत हा रिसेप्टर रग्गड आहे. त्याच्या जातीच्या रिसेप्टरांमध्ये मेंदूत सर्वांत जास्त संख्या याचीच. १९९३ मध्ये दुसरा सापडला, सीबी-२. तो मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतो.

आता जन्मात गांजा न पाहिलेल्या माणसाच्या मेंदूत हे एवढे रिसेप्टर कशाला? सरळ उत्तर असं की शरीर स्वतःच तसलं काहीतरी बनवत असणार. १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूतून ते हाती लागलं. डिव्हेन तेव्हा मेशूलाम यांच्याकडे जेरुसलेमला काम करत होते. त्यांनी त्याचं नाव ‘आनंद’ या शब्दावरून आनंदमाइड ठेवलं. १९९५ मध्ये दुसरा रेणू मिळाला, टू-एजी. मेंदूत याचं प्रमाण आनंदमाइडपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि आपल्या गोष्टीतला खरा नायक तोच आहे. दोन्ही रेणू पेशीच्या आवरणातल्या चरबीपासून बनतात. आधी बनवून साठवून ठेवलेले नसतात. गरज पडली की त्या क्षणी, त्या जागी बनतात, आणि काम झालं की तिथलीच एन्झाइम, म्हणजे रसायनं जोडणारी-तोडणारी प्रथिनं, त्यांची मोडतोड करून टाकतात. ‘त्या क्षणी, त्या जागी’ हे शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे.

पेशी मरते ती अतिरेकाने

मेंदूतली एक पेशी दुसरीशी बोलते ती रसायनं सोडून. दोघींमध्ये एक अतिशय बारीक फट असते. अलीकडची पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि पलीकडची ते झेलते. पलीकडच्या पेशीला चेतवणारं मुख्य रसायन म्हणजे ग्लुटामेट. हे वाक्य वाचताना तुमच्या डोक्यात त्याचीच देवाणघेवाण चालू आहे. त्यामुळे ग्लुटामेट वाईट नाही. वाईट आहे ते त्याचं न थांबणं.

पुणे-बेंगळुरू हायवेवर हेल्मेटशिवाय पडलेल्याच्या डोक्यात, पॅरालिसिसचा झटका आलेल्याच्या मेंदूत, किंवा न थांबणारी फिट आलेल्या मुलाच्या डोक्यात साधारण एकच साखळी सुरू होते. झटक्यात रक्त अडतं, पेशीला ऑक्सिजन आणि साखर मिळत नाही, आतले पंप थांबतात आणि ग्लुटामेट भसाभसा बाहेर पडतं. फिटमध्ये पेशी बेभान चेतल्यामुळे तेच होतं. पलीकडच्या पेशीची दारं उघडीच राहतात आणि आत कॅल्शियम घुसतं. एरवी चिमूटभर कॅल्शियमवर चालणाऱ्या पेशीत ते बेसुमार झालं की प्रथिनं आणि चरबी चावून टाकणारी एन्झाइम जागी होतात, ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात, घातक ऑक्सिजन-रेणू तयार होतात. पेशी मरते. मरताना तिच्याकडचं ग्लुटामेटही सांडतं आणि शेजारणीवर तीच वेळ येते. अतिचेतनेने होणाऱ्या या विषबाधेला १९६९ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन ओल्नी यांनी नाव दिलं.

कृष्णाकाठच्या माणसाला यात नवल वाटू नये. पाण्यावरच ऊस पोसतो आणि त्याच पाण्याच्या अतिरेकाने वाळवा-मिरजेकडची काळी रानं क्षारपड झाली. पाणी दोषी नव्हतं. ते वेळेत कुणी मोडलं नाही.

पाणी वरून खाली, हाक खालून वर

ज्याने रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी पाजलंय त्याला पुढचं एका दमात कळेल. एक गडी वर पाटाच्या तोंडाशी दारं धरून उभा असतो. दुसरा खाली सरीच्या टोकाला. वरच्याला अंधारात सरी भरली की नाही ते दिसत नाही. पाणी टोकाला पोचलं की खालचा ओरडतो, ‘भरलं रं, मोड!’ वरचा खोऱ्याने माती ओढून दारं बंद करतो आणि पाणी पुढच्या सरीत वळवतो. पाणी वरून खाली येतं, हाक खालून वर जाते.

मेंदूत नेमकं हेच होतं. ग्लुटामेट सोडणारी पेशी म्हणजे वरचा गडी, झेलणारी म्हणजे खालचा. खालची पेशी जरुरीपेक्षा जास्त चेतली आणि तिच्यात कॅल्शियम वाढायला लागलं, की त्या कॅल्शियममुळेच तिच्या आवरणातल्या चरबीतून टू-एजी तयार होतं. ते फटीतून उलट्या दिशेने जातं आणि वरच्या पेशीच्या टोकावरच्या सीबी-१ ला चिकटतं. त्यामुळे वरच्या पेशीत कॅल्शियमची वाट अरुंद होते आणि ग्लुटामेटचं सुटणं कमी होतं. दारं मोडलं.

मेंदूतला संदेश असा उलटा जाऊ शकतो हे २००१ मध्ये अमेरिका आणि जपानमधल्या वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं. तोवर पाठ्यपुस्तकांत संदेश एकाच दिशेने जाणारा होता. आमच्या विद्यार्थ्यांना आजही हा भाग ऐकताना अडखळायला होतं, आणि मला तो शिकवताना सगळ्यात मजा येते.

हाक फार वेळ टिकत नाही. काही सेकंद, फार तर मिनिटभर. मग वरच्या पेशीतलं एक एन्झाइम टू-एजी मोडून टाकतं आणि दारं पुन्हा उघडायला मोकळं होतं. हाक रात्रभर घुमत राहिली तर पुढच्या सरीलाही पाणी मिळायचं नाही.

सीबी-२ चं काम वेगळं. मेंदूत साफसफाई आणि राखण करणाऱ्या पेशी असतात. इजा झाली की त्या खवळतात आणि त्यांच्यावर सीबी-२ वाढतं. त्याला कॅनाबिनॉइड चिकटलं की त्यांचा राग जरा उतरतो, सूज कमी होते. इजेनंतरच्या दिवसांत बरंचसं नुकसान या सुजेनेच होतं, म्हणून हेही महत्त्वाचं.

उंदरांत काय दिसलं

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या गटाने २००१ मध्ये उंदरांच्या डोक्याला मुका मार देऊन पाहिलं. माराच्या काही तासांत मेंदूतलं टू-एजी वाढलेलं सापडलं, म्हणजे शरीर आपणहून हाका मारायला लागलं होतं. मग त्यांनी प्रयोगशाळेत बनवलेलं टू-एजी बाहेरून टोचलं. त्या उंदरांच्या मेंदूला सूज कमी आली, मेलेला भाग लहान राहिला आणि ते लवकर सावरले. सीबी-१ अडवणारं औषध सोबत दिलं की हा फायदा घटला.

दुसरा प्रयोग जर्मनीतला, २००३ मधला, आणि माझ्या मते जास्त नेमका. तिथे उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या मुख्य पेशींतून सीबी-१ चं जनुकच काढून टाकलं. एरवी हे उंदीर व्यवस्थित होते. पण फिट आणणारं रसायन दिल्यावर त्यांना साध्या उंदरांपेक्षा फार जोराच्या फिट आल्या आणि पेशीही जास्त मेल्या. खालचा गडी ओरडत होता, वरच्याला ऐकूच येत नव्हतं.

माणसांतला पुरावा तुटपुंजा आहे, पण आहे. फिट थांबत नाहीत म्हणून ऑपरेशन करून काढलेल्या मेंदूच्या तुकड्यांत, ग्लुटामेट सोडणाऱ्या टोकांवर सीबी-१ कमी झालेलं आढळलं. त्यामुळे फिट येतात की फिटमुळे ते कमी होतं, हे अशा तुकड्यावरून ठरवता येत नाही.

मग गांजा ओढला तर हेच होईल की!

‘सर, टू-एजी जिथे चिकटतं तिथेच टीएचसी चिकटतं ना? मग एक झुरका म्हणजे फुकटचं औषध.’ वर्गात हा प्रश्न ठरलेला आहे, आणि तर्क म्हणून तो वाईट नाही.

आता पुन्हा रानात चला. खालचा गडी आपल्या सरीपुरता ओरडतो, ती भरल्यावर ओरडतो आणि गप्प बसतो. टीएचसी म्हणजे बांधावर कर्णा लावून सगळ्या शिवाराला तासन्‌तास ‘मोड, मोड’ ओरडणारा परका माणूस. कुठली सरी भरली, कुठली कोरडी, त्याला कशाचाच पत्ता नाही. आठवण साठवणाऱ्या भागात दारं मोडली की माणूस बोलता बोलता विषय विसरतो. तोल सांभाळणाऱ्या भागात मोडली की पाय अडखळतात. भीतीच्या भागातली घडी विस्कटली की कुणी खिदळतो, तर कुणाला घाम फुटून आपण मरतोय असं वाटतं. ओढलेल्या गांजाचा अंमल काही तास राहतो, आणि टीएचसी चरबीत विरघळणारं असल्याने त्याचा अंश अंगात कितीतरी दिवस.

दुसरी भानगड आणखी मोठी, आणि फॉरवर्डमध्ये ती कधीच नसते. मेंदूत फक्त पाणी सोडणारी दारं नसतात, पाण्याचा निचरा करणारे चरही असतात. म्हणजे चेतना वाढवणाऱ्या पेशींबरोबर ती शांत करणाऱ्या पेशी. सीबी-१ या शांत करणाऱ्या पेशींवरही असतं, आणि काही भागांत तर तिथेच जास्त असतं. तिथे ते चेतलं की शांत करणारं रसायन सुटायचं कमी होतं, म्हणजे चर बुजतो आणि पाणी साचतं. म्हणूनच कॅनाबिनॉइडचा परिणाम मात्रेप्रमाणे आणि जागेप्रमाणे उलटसुलट होतो. टीएचसी हे सीबी-१ ला अर्धवटच चेतवतं. ‘स्पाइस’सारख्या नावांनी परदेशांत विकली गेलेली कारखान्यातली कॅनाबिनॉइड त्याला पूर्ण ताकदीने चेतवतात, आणि ती घेतलेल्यांना फिट आल्याची प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. फिट अडवणाऱ्या यंत्रणेचीच कळ दाबून फिट!

तिसरं म्हणजे सवय. परका माणूस रोजच कर्ण्यावर ओरडायला लागला की वरचा गडी कान बंद करतो. रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले तेव्हा मेंदूच्या वरच्या थरात सीबी-१ सुमारे एक पंचमांशाने घटलेलं दिसलं. साधारण चार आठवडे बंद ठेवल्यावर ते पुन्हा भरून आलं, ही त्यातली बरी बाजू. पण जोवर घटलेलं आहे तोवर घरच्या गड्याची खरी हाकही वरच्याला कमीच ऐकू जाणार.

आणि वय. मेंदूची बांधणी पंचविशीपर्यंत चालू असते आणि कुठली जोडणी ठेवायची, कुठली छाटायची यात हीच यंत्रणा गुंतलेली असते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा पुढे १५ वर्षं माग ठेवला गेला. त्याचे निष्कर्ष १९८७ मध्ये छापून आले: भरतीपूर्वी ५० पेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराचं प्रमाण न ओढलेल्यांच्या सुमारे सहापट होतं. घरातला आजार आणि इतर व्यसनं वजा केली की हा आकडा खाली येतो, पण फरक पुसला जात नाही. कॉलेजच्या पोराला एवढं पुरे.

यावर ‘आमच्या गावात एक बुवा जन्मभर चिलीम ओढतात, ठणठणीत आहेत’ हे उत्तर हमखास येतं. असतील. गांजाच्या अतिसेवनाने अफूसारखा श्वास बंद पडत नाही, कारण श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात सीबी-१ फार थोडं आहे. एवढं श्रेय त्याला द्यायला हरकत नाही. पण बुवा ठणठणीत आहेत म्हणजे त्यांच्या मेंदूच्या पेशी चिलमीने वाचल्या, हे त्यातून कसं निघतं?

त्या पेटंटात काय आहे

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांच्यावर ग्लुटामेट ओतलं. टीएचसी किंवा सीबीडी असलेल्या बशीत पेशी कमी मेल्या. त्यातही सीबीडीचा परिणाम सीबी-१ मधून आलेला नव्हता. ते घातक ऑक्सिजन-रेणू टिपून घेत होतं. या गटात नोबेल मिळवलेले ज्यूलियस अॅक्सलरॉडही होते. यावरून २००३ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याला पेटंट मिळालं, आणि त्याचा मुख्य भर नशा न आणणाऱ्या सीबीडीसारख्या रेणूंवर आहे. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर लोक गांजाची तरफदारी करतात, त्या कागदाचा सूर नशेचा भाग टाळा असाच आहे. त्याची २० वर्षांची मुदतही २०१९ मध्ये संपली.

पेटंट मिळायला कल्पना नवी आणि उपयोगी पडण्याजोगी लागते. माणसात ते औषध चालतं हे त्यासाठी सिद्ध करावं लागत नाही. त्याची परीक्षा वेगळी असते, आणि त्या परीक्षेचा निकाल असा:

माणसांवरच्या परीक्षेचा निकाल

डेक्सानाबिनॉल नावाचं कारखान्यातलं कॅनाबिनॉइड डोक्याला जबर मार लागलेल्या ८०० हून अधिक रुग्णांवर तपासलं गेलं. निकाल २००६ मध्ये आला: तुलनेसाठी दिलेल्या खोट्या औषधापेक्षा काही फरक नाही. (हा रेणू सीबी-१ वर चालत नाही, ग्लुटामेटच्या दारावरच बसतो. त्यामुळे हा पराभव पूर्णपणे सीबी-१ च्या नावावर मांडता येत नाही.) मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात मेंदू हळूहळू झिजतो. ब्रिटनमध्ये अशा जवळपास ५०० रुग्णांना तीन वर्षं टीएचसीच्या कॅप्सूल दिल्या. २०१३ चा निकाल: झीज मंदावली नाही.

मग एक हुशार कल्पना पुढे आली. बाहेरून ओरडण्यापेक्षा घरच्या गड्याची हाक जरा जास्त वेळ टिकू द्या. म्हणजे आनंदमाइड किंवा टू-एजी मोडणारं एन्झाइम अडवा. ज्या सरीत हाक उठली तिथेच ती लांबेल, बाकी शिवार शांत. कागदावर हे फारच सुंदर दिसतं. पण जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्सच्या रेन शहरात आनंदमाइडचं एन्झाइम अडवणाऱ्या अशाच एका औषधाच्या चाचणीत निरोगी स्वयंसेवकांना रुग्णालयात हलवावं लागलं. त्यातला एक जण दगावला आणि इतर काहींच्या मेंदूत इजा दिसली. मेंदू वाचवू शकेल अशा वाटेवरच्या औषधाने मेंदूच घायाळ केला. नंतरच्या तपासात दिसलं की ते औषध ठरवलेल्या एन्झाइमबरोबर चरबीवर काम करणारी दुसरीही बरीच एन्झाइम अडवत होतं. त्याच एन्झाइमवरची इतर कंपन्यांची औषधं असं काही न करता चाचण्यांतून गेली होती. तेव्हा कल्पना मेलेली नाही, पण घाईही कुणी करत नाही.

उलटा प्रयोगही माणसांवर होऊन गेला आहे, आणि तो खरं तर या यंत्रणेचं महत्त्व सांगणारा सगळ्यात स्पष्ट पुरावा. रिमोनाबंट हे सीबी-१ अडवणारं वजन उतरवण्याचं औषध २००६ मध्ये युरोपात आलं. भूक कमी व्हायची, वजनही घटायचं. पण अनेकांना नैराश्य आलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले, आणि २००८ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. वरच्या गड्याच्या कानात बोळे घातल्यावर शिवाराचं काय होतं, ते असं कळलं.

सीबीडी तेल, भांग आणि हेम्प

सीबीडीचं एक औषध मात्र पास झालं. एपिडायोलेक्सला अमेरिकेत जून २०१८ मध्ये लहानपणीच्या दोन दुर्मीळ, हट्टी फिटच्या आजारांसाठी मान्यता मिळाली. पुढे २०२० मध्ये तिसऱ्याची भर पडली. ते फिट कमी करतं. पेशी वाचवतं असा दावा त्याच्या डबीवरही नाही. त्याची मात्रा बघा: दर किलो वजनामागे रोज १० ते २० मिलिग्रॅम. २० किलोच्या पोराला २०० ते ४०० मिलिग्रॅम, रोज. ऑनलाइन मिळणाऱ्या तेलाचे चार थेंब याच्या जवळपासही जात नाहीत. आणि मात्रा जवळपास गेलीच तर दुसरा धोका. सीबीडीमुळे फिटच्या काही गोळ्यांचा अंमल वाढतो, व्हॅलप्रोएट या फिटच्या औषधासोबत यकृताच्या तपासणीचे आकडे चढू शकतात, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणामही वाढतो. ‘आयुर्वेदिक आहे, चालतंय’ म्हणून डॉक्टरांपासून लपवण्याची ही गोष्ट नव्हे.

भांगेत टीएचसी असतंच. पोटातून गेल्यावर यकृतात त्याचं आणखी जोरकस रूप बनतं, पण अंमल चढायला तास-दोन तास लागू शकतात. महाशिवरात्रीला ‘काहीच होईना’ म्हणून दुसरा पेला घेणाऱ्यांची फजिती होते ती यामुळे. कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे. सोबत शेंडे नसतील तर नुसती पानं आणि बिया १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून भांगेचे नियम राज्यागणिक बदलतात. लागवड मात्र परवान्याशिवाय गुन्हाच, दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा. उसाच्या आड लपवलेली चार झाडंही त्यात येतात.

हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच जातीच्या पण नगण्य नशेच्या झाडाच्या, बिया आणि त्यांचं तेल भारतात २०२१ पासून खाद्यपदार्थ म्हणून विकायला परवानगी आहे. त्यात प्रथिनं आणि चांगली चरबी असते. कॅनाबिनॉइड जवळपास नसतातच. जवसाच्या चटणीसारखी खा, मेंदूचं औषध म्हणून दुप्पट पैसे देऊ नका.

घाट चढताना

बाहेरून काही न घेता ही यंत्रणा हलवता येते का? थोडीशी येते. मध्यम जोराने धावल्यावर किंवा सायकल चालवल्यावर रक्तातलं आनंदमाइड वाढतं, हे २००३ पासून माणसांत दिसलं आहे. सातारकर यवतेश्वरचा घाट पळत चढतात आणि वर पोचल्यावर जे हलकं वाटतं त्याचं श्रेय वर्षानुवर्षं एंडॉर्फिन या शरीरातल्याच वेदनाशामक रसायनाला दिलं जात होतं. २०२१ मध्ये जर्मनीत धावणाऱ्यांना एंडॉर्फिनचा परिणाम अडवणारी गोळी देऊन पळवलं. तरीही त्यांना तेवढंच हलकं वाटलं आणि आनंदमाइडही वाढलं. त्यामुळे संशय आता आपल्या या रेणूवर आहे. अर्थात रक्तात वाढलं म्हणजे मेंदूत पेशी वाचल्या, असं म्हणायला कुणी जाऊ नये. व्यायामाने मेंदूला होणारा फायदा रक्तदाब, साखर आणि रक्तवाहिन्या यांच्यामार्फत आहे, तेवढाच भरपूर आहे.

वडिलांना पॅरालिसिस झालाय, काही देऊ का?

हा प्रश्न विट्याच्या, जतच्या, पार कर्नाटकातून मिरजेला आलेल्या नातेवाइकांकडून येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या हातात बऱ्याचदा आधीच एक बाटली असते.

देऊ नका. कारण वेळेचं आहे. ग्लुटामेटचा लोंढा झटक्याच्या पहिल्या मिनिटांतच सुटतो. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा अंदाज आहे. ग्लुटामेटचं दार थेट अडवणारी औषधंही झटक्याच्या रुग्णांत फसली, त्यातलं एक कारण ती पोचेपर्यंत झालेला उशीर हेच होतं. चौथ्या दिवशी दिलेलं तेल कुठल्याही दारापर्यंत पोचत नाही.

ज्याने पेशी वाचतात हे सिद्ध झालंय तो उपाय म्हणजे तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, यातलं एकही अचानक दिसलं तर सीटी स्कॅन असलेला दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा, कारण साडेचार तास तिथून मोजतात. सकाळी उठल्यावर हात लुळा दिसला तर झोपण्याची वेळ सांगायची, उठण्याची नव्हे. वाटेत पाणी, चहा, तेलाचे थेंब, काहीही तोंडात घालू नका. झटक्यात गिळण्याची ताकद गेलेली असू शकते, आणि पोटात जायचं ते फुप्फुसात जातं.